टेन्शनची सुट्टी

घराघरांत जाडजूड शब्दकोश असायचे, त्या काळची ही गोष्ट. अशाच एका कोशात टेन्शन नावाचा इंग्रजी शब्द राहायला आला. शेजारी काळजी, धास्ती, हुरहूर, घोर ही जुनी बिऱ्हाडं.

टेन्शन उजाडताच कामाला जायचं ते दिवेलागणीला परतायचं. परीक्षेला तेच, पाहुण्यांना तेच, डब्याला भाजी कुठली करायची यालाही तेच. एके दिवशी ते उंबऱ्यातच बसलं.

"आता उठवत नाही मला. तुमच्यापैकी कुणीतरी जा ना."

"आम्हाला बोलावतंय कोण?" म्हातारा घोर म्हणाला. "आणि तुझं बरं असतं. तुझं नाव काढलं, की लोक लगेच 'घेऊ नको' म्हणतात."

"तेच ऐकून दमायला होतं. एवढं म्हणतात आणि निघून जातात. माणूस आपला तिथंच."

तेवढ्यात हाक आली. गोदाक्काची लेक बाळंतपणाला दवाखान्यात होती आणि दोन दिवस निरोप नव्हता. शेजारच्या अनसूयाबाई बाजाराला जाता जाता विचारत होत्या, "काय गं, चेहरा का उतरलाय?"

गोदाक्काच्या ओठांवर यायला टेन्शन काही उठलं नाही. शेवटी घोरच काठी टेकत गेला.

"जिवाला घोर लागलाय हो," ती म्हणाली.

'घेऊ नको' अनसूयाबाईंच्या तोंडात तयारच होतं. पण ते बाहेर पडेना. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि त्या गोदाक्काला टेकून बसल्या.

इकडे कोशात टेन्शन कितीतरी दिवसांनी गाढ झोपलं होतं.