गाठ कुणाच्या शब्दाने सुटते

नदीकाठच्या एका पेठेत पूर्वी एक वृद्ध वैद्य राहत असत. त्यांच्या हाताखाली एक तरुण शिष्य विद्या शिकत होता. हुशार, कष्टाळू, पण पाप-पुण्याचा निवाडा करायला जरा उतावळा.

एके सकाळी एक विणकर लेप मागायला आला. त्याच्या दोन्ही मनगटांवर दोरीचे वळ होते. शिष्याने खोदून खोदून विचारले, तेव्हा तो लाजत म्हणाला, "आमच्या नवरा-बायकोचा एक खेळ आहे. ती राणी, मी तिचा कैदी. गोष्टही आम्हीच रचतो. काल गाठ जरा घट्ट बसली, एवढंच."

शिष्याला किळस आली. त्याने ही हकिकत पेठेतल्या एका प्रतिष्ठित व्यापाऱ्याच्या कानावर घातली आणि व्यापाऱ्याने ती पेठभर केली. दुसऱ्याच दिवशी देवळाच्या सभामंडपात पंच बसले. जोडप्याला पेठेतून घालवून द्यायचे हे जवळपास ठरलेच होते. वैद्यांचे मत विचारायचे, एवढी रीत उरली होती.

वैद्यांनी विणकराला बाहेर थांबवले आणि त्याच्या बायकोला विचारले, "बाई, खेळ थांबवायचा झाला तर काय करता?"

"आमचा शब्द ठरलेला आहे. भोपळा," ती मान खाली घालून म्हणाली. "दोघांपैकी कुणीही म्हटलं की खेळ तिथंच संपतो. मी गाठ सोडते, मग हे उठून चूल पेटवतात."

मंडपात खसखस पिकली. वैद्यांनी विणकराला आत बोलावून तेच विचारले. उत्तरही तेच आले, भोपळ्यासकट.

"छान," वैद्य पंचांकडे वळले. "आता तुम्ही सगळे घरी निरोप धाडून आपापल्या बायकांना बोलवा. प्रत्येकीला एकटीला बसवून मी हेच विचारीन. ‘बाई, तुम्ही पुरे म्हटलंत, तर नवरा थांबतो का?’"

कुणी हलले नाही. व्यापारी मात्र ताडकन उठला. "वैद्यबुवा, आमच्या घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर आणणारे तुम्ही कोण?"

"या दोघांच्या वतीने मी हेच विचारणार होतो," वैद्य म्हणाले.

सभा निवाड्याविनाच पांगली.

वाटेत शिष्य कुरकुरला, "पण गुरुजी, असल्या कल्पना मनात याव्यात, हीच विकृती नाही का?"

"अरे, गोष्टीतल्या राणीने चाबूक उगारला म्हणून कुणाचं घर मोडत नाही. दोघंही जाणती आहेत, दोघांची खुशी आहे आणि एका शब्दावर गाठ सुटते. तुला रुचत नसेल तर तू खेळू नकोस. पण आपल्याला किळस आली म्हणजे तिथे पाप असतंच असं नाही." वैद्य थांबले. "त्या व्यापाऱ्याची बायको सुजलेला गाल घेऊन येते. जिन्यावरून पडले, म्हणते. मी विचारलं, ती बोलली नाही. लेप तूच वाटून देतोस. विणकराला एवढं खोदून विचारणारा तू, तिला कधी एका शब्दाने विचारलंस?"

शिष्याचा चेहरा उतरला. त्या संध्याकाळी तो विणकराच्या दारात लेप घेऊन गेला आणि त्याने क्षमा मागितली. बायकोने लेप घेतला, पण त्याला आत या म्हटले नाही. तिचे काही चुकले, असे त्याला वाटले नाही.

पुढच्या आठवड्यात व्यापाऱ्याची बायको आली. एक हात पदराखाली होता. शिष्याने खल बाजूला सारला आणि हलक्या आवाजात विचारले, "बाई, तुम्ही थांबा म्हटलंत, तर ते थांबतात का?"

तिने एकदा दाराकडे पाहिले. मग तिने पदर बाजूला केला.