अडकलेलं जांभूळ आणि दमलेली परी

सोनकीच्या घरातला माठ पुन्हा कोरडा पडला होता.

जांभूळराईच्या कडेला, पानांनी शाकारलेल्या इवल्याशा खोपटात सोनकी आणि तिची आई राहायच्या. आई रानातले हिरडे वेचून बाजारात विकायची. पण आता ती तापानं फणफणून घोंगडीवर पडली होती. तिचे ओठ सुकून गेले होते.

"सोनू, घोटभर पाणी दे गं," आई पुटपुटली.

सोनकीनं माठ तिरपा केला, हलवला, आत डोकावून पाहिलं. एक थेंब नाही! तिनं छोटीशी घागर कमरेवर घेतली आणि म्हणाली, "आई, आत्ता आणते हं." आणि ती राईतल्या चांदणझऱ्याकडे धावत सुटली.

आता चांदणझऱ्याला पाणी का नव्हतं, ते सांगायलाच हवं. सांगताना माझं डोकं दुखतं, पण इलाज नाही.

राईत दोन सैन्यं होती. झाडावर शेकरं, म्हणजे तांबूस पाठीच्या, लांब शेपटीच्या मोठ्या खारी. त्यांचा सरदार झुपकेराव. आणि जमिनीवर काळ्या-पांढऱ्या काट्यांची साळिंदरं. त्यांचा सरदार सळसळे. राईची जुनी रीत अशी, की फांदीवरचं फळ शेकरांचं आणि खाली पडलेलं साळिंदरांचं. किती सोपी रीत! पण एकदा एक टपोरं जांभूळ पडता पडता खालच्या फांदीच्या बेचक्यात अडकलं. ते पडलं म्हणायचं की नाही? झालं! तेवढ्यावरून लढाई जुंपली. ते जांभूळ बिचारं तिथंच वाळून खडा झालं, तरी लढाई चालूच!

साळिंदरांनी पाणी पिऊ नये म्हणून शेकरांनी झऱ्याच्या तोंडात काटक्या कोंबल्या. शेकरांनी पिऊ नये म्हणून साळिंदरांनी त्यावर दगड लोटले. आता दोघंही तहानलेले! याला काय म्हणावं?

सोनकी झऱ्यापाशी पोचली तेव्हा काठावर विचित्रच देखावा होता. दोन्ही सैन्यं समोरासमोर उभी होती आणि सगळेजण कराकरा खाजवत होते. कुणी पाठ झाडाला घासत होतं, कुणी जमिनीवर लोळत होतं. गोंडा नावाचं झुपकेरावाचं पिल्लू आणि टोकू नावाचं साळिंदराचं पिल्लू तर खाजवून खाजवून रडकुंडीला आली होती.

"झुपकेकाका, सळसळेकाका, माझी आई आजारी आहे," सोनकी म्हणाली. "झरा तेवढा मोकळा करा ना!"

"लगेच करतो! आधी त्यांनी दगड काढावेत," झुपकेराव काख खाजवत म्हणाला.

"आम्ही तयारच आहोत! आधी त्यांनी काटक्या काढाव्यात," सळसळे पोट खाजवत म्हणाला.

"अहो, पण काटक्या दगडांच्या खाली आहेत!" सोनकी म्हणाली.

"तो त्यांचा प्रश्न," सळसळे म्हणाला.

सोनकीनं स्वतःच एका दगडाला हात घातला. तिनं सगळा जोर लावला, पण दगड तसूभरही हलेना. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि राग तर त्याहून जास्त आला. ती दगडावर बसली आणि ओरडली, "कंटाळा कसा येत नाही हो तुम्हाला?"

"मला तर केव्हाचा आलाय!" वरून एक नाजूक पण वैतागलेला आवाज आला.

जांभळाच्या हिरव्यागार पानांतून एक चिमुकली परी खाली उतरली. तिचे पंख मोरपिशी होते, झगा गुलाबी कळ्यांचा होता आणि केसांत दवाचे थेंब लुकलुकत होते. तिच्या कांडीच्या टोकावर एक सोनेरी फूल होतं. फुलाला एकच पाकळी उरली होती. आणि परीचे इवलेसे हात मात्र मनगटापर्यंत लाललाल सुजले होते.

"बाळ, मी या राईची परी," ती हात चोळत म्हणाली. "मागेल ती वस्तू द्यायची, हे माझं काम. एका इच्छेला एक पाकळी. पण नियम असा आहे, की मागितलेली वस्तू मागणाऱ्याच्या हातात पडत नाही. मागणारा ज्याच्याकडे तोंड करून उभा असेल, त्याच्या हातात पडते. राईतल्यांनी एकमेकांना गोडधोड द्यावं, म्हणून आमच्या मोठ्या परीनं केलेला हा नियम. आणि या शहाण्यांनी काय मागावं?"

"काय मागितलं?"

"खाजकुयली!" परीनं कपाळाला हात लावला. "समोर शत्रू, म्हणून यांनी खाजकुयली मागितली. मग त्यांनीही मागितली. मग यांनी दुप्पट! फुलं वाटायची, मध वाटायचा, अशी स्वप्नं होती गं माझी. आणि मी जन्मभर काय वाटलं? खाजऱ्या शेंगा! या हातांनी!"

दोन्ही सरदारांनी माना खाली घातल्या. पण खाजवणं थांबलं नाही.

"आता शेवटची पाकळी," परी म्हणाली. "ज्यानं आजवर काही मागितलं नाही, त्यालाच ती देता येते. माग, बाळ."

हे ऐकताच सरदारांचे डोळे चमकले.

"माझ्याकडे तोंड कर!" झुपकेरावानं उडी मारली. "बाळे, गोड काहीतरी माग!"

"तिकडे काय बघतेस? इकडे बघ!" सळसळेनं काटे खुळखुळवले.

सोनकीला वाटलं, आईसाठी घागरभर पाणी मागावं. पण घागर उद्या पुन्हा रिकामी होणार. तिनं रडणाऱ्या गोंडाकडे पाहिलं, टोकूकडे पाहिलं. पिल्लांची किती आग आग होत असेल! आणि सगळ्यांचे हात खाजवण्यातच गुंतलेले असताना दगड उचलणार तरी कोण?

"अगं, इकडे!"

"नाही, इकडे!"

"गप्प बसा दोघंही!" सोनकी कडाडली. "माझ्या आईनं सांगितलंय, ज्याच्याकडे मागायचं, त्याच्याच तोंडाकडे बघून मागावं. शेजाऱ्याकडे डोळे वटारून नाही!"

आणि तिनं दोन्ही सैन्यांकडे पाठ फिरवली, हात जोडले आणि थेट परीकडे पाहिलं.

"परीताई, खाजेवर लावायला थंडगार लेप दे. सगळ्यांना पुरेल एवढा."

शेवटची पाकळी झळाळत गळून पडली. चांदीची एक वाटी हवेत लकाकली, आणि अलगद येऊन टेकली ती परीच्या सुजलेल्या हातांत!

परी बघतच राहिली. इतक्या इच्छा तिनं पुरवल्या होत्या, पण मागताना तिच्याकडे कुणी पाहिलंच नव्हतं. सगळ्यांच्या नजरा आपल्या शत्रूवर! तिनं बोट बुडवून हिरवागार लेप हातांवर लावला आणि डोळे मिटले. "आहाहा," ती म्हणाली, आणि तिच्या गालांवरून दोन टप्पोरे अश्रू ओघळले.

मग ती भुर्रकन वर उडाली आणि वाटी कलती केली. लेपाचे पाचूसारखे थेंब शेकरांवर पडले, साळिंदरांवर पडले. वाटी काही रिती होईना. खाज थांबली. आरडाओरडा थांबला. राई अगदी चिडीचूप झाली.

आणि त्या शांततेत दगडांखालून आवाज आला. बुडुक, बुडुक, बुडुक.

"पाणी!" टोकू म्हणाला. त्यानं नाकानं कडेचा एक छोटा दगड ढकलला. गोंडानं खालची काटकी ओढली.

"अरे गोंडा, थांब! आधी त्यांनी..." झुपकेराव ओरडला.

"बाबा, त्याचा दगड निघालासुद्धा," गोंडा म्हणाला आणि दुसरी काटकी ओढू लागला.

झुपकेराव ओशाळला. सळसळेनं घसा खाकरला. मग काय, दोघंही पुढे आले आणि त्यांच्या मागून दोन्ही सैन्यं. शेवटचा दगड बाजूला झाला आणि चांदणझरा खळखळून हसत बाहेर उसळला! सगळे तहानेनं व्याकुळ झाले होते, तरी कुणीही पाण्याला तोंड लावलं नाही.

"आधी तिची घागर," झुपकेराव म्हणाला.

"आधी तिचीच," सळसळे म्हणाला. त्या दोघांचं एकमत झालेलं राईनं पहिल्यांदाच ऐकलं.

परी सोनकीच्या खांद्यावर क्षणभर टेकली. "फूल संपलं, बाळ. आता मला जायला हवं."

"तुझे हात बरे झाले ना, परीताई?"

परी हसली. तिचे पंख उजळले, झगा उजळला, आणि सोनेरी उजेडाचा एक झोत पानांतून वर वर जात दिसेनासा झाला. सोनकीच्या घागरीतलं पाणी मात्र कितीतरी वेळ चमकत राहिलं.

ते पाणी आई पोटभर प्यायली. सोनकीनं ओल्या फडक्यानं तिचं कपाळ पुसलं. हळूहळू ताप उतरला, आणि दिवेलागणीला आई उठून बसली.

तेव्हापासून सोनकीच्या दारात रोज टपोऱ्या जांभळांची रास पडते आणि घागर भरलेली असते. आता तरी राईत शांतता असेल, असं वाटलं ना तुम्हाला? छे! जांभळं आधी कुणी ठेवायची, यावरून तिथं रोज सकाळी कलकलाट असतो. मग सोनकी कमरेवर हात ठेवून बाहेर येते, आणि दोन्ही सरदार निमूटपणे एकमेकांच्या तोंडाकडे बघून म्हणतात, "आधी तुम्ही."