चंपाकळीची सोंड आणि सात तांबे

"आजपासून राजवाड्यात पाणी उकळायचं नाही! चूल विझवा!"

धारवाडीच्या भद्रसेन राजाचा हुकूम सुटला आणि ठमाबाईच्या हातातली फुंकणी गळून पडली. तीस वर्षं ती राजवाड्याचं पिण्याचं पाणी उकळत होती. नदीचं पाणी गाळायचं, हंड्यात खदखदा उकळायचं, निववून माठात भरायचं. एवढंच तिचं काम, आणि त्यात तिच्या तोडीचं कुणी नव्हतं.

सगळं झालं ते भुजंगशेटमुळे. हा पाहुणा कुठून उपटला देव जाणे! आला तो पेटीभर पांढरे खडे घेऊन.

"महाराज, हा हिमशैल रत्नखडा! गढूळ पाण्यात सात वेळा फिरवा, पाणी अमृत होतं. लाकूड नको, धूर नको, म्हातारी नको!"

त्यानं परातभर गढूळ पाण्यात खडा फिरवला. थोड्या वेळानं गाळ तळाला बसला आणि वरचं पाणी असं नितळ झालं, की राजाला त्यात आपल्या मिशा दिसल्या. मिशा दिसल्यावर राजाचं काय विचारता! पेटीच्या वजनाइतकं सोनं देऊन त्यानं खडे घेतले.

मग जिकडेतिकडे खडा! आमटीत खडा, अत्तरात खडा. दुधात फिरवला, दूध फाटलं. "पाहिलंत? दुधातली घाण कशी वेगळी झाली!" राजा टाळ्या पिटत म्हणाला. राजपुरोहितांनी तीर्थात जरा जास्तच फिरवला, तर त्यांचं तोंड असं आवळलं, की अख्खी आरती त्यांनी नुसती 'ऊ ऊ ऊ' करून म्हटली.

चौथ्या दिवशी अर्धा राजवाडा पोट धरून परसाकडे पळत होता. भुजंगशेट म्हणाला, "आतली घाण बाहेर पडतेय, शुभशकुन आहे!" राजानं मान डोलावली आणि तोही पळाला.

ठमाबाईला राहवेना. ती थेट दरबारात जाऊन उभी राहिली.

"सरकार, मी चाखून बघितला. ही तुरटी आहे, आपल्या न्हाव्याच्या धोकटीत असते ती! गाळ बसवते, नाही म्हणत नाही मी. पण पाण्यातली सगळी घाण काही गाळ नसते. डोळ्यांना दिसत नाही तीच पोटात शिरते!"

"दिसत नाही ना?" राजा चिडला. "मग आठ दिवसांत ती न दिसणारी घाण मला दाखव! दाखवलीस तर मागशील ते देईन. नाही दाखवलीस, तर गाढवावर बसवून वेशीबाहेर!"

दरबार खो खो हसला. वेशीबाहेर ठमाबाईचं होतं कोण? घरी येऊन ती डोक्याला हात लावून बसली. दोन दिवस रडली, तिसऱ्या दिवशी रडून कंटाळली, आणि उठून हत्तीखान्याकडे गेली.

आठव्या दिवशी दरबारात पाटावर सात तांबे मांडलेले होते. सातही काठोकाठ भरलेले, सातांतलंही पाणी चकाकत होतं.

"सरकार, सातांतही नदीचं पाणी आहे आणि सातांतही शेटजींचा खडा सात-सात वेळा फिरवलाय. त्याआधी एका तांब्यातल्या पाण्यानं चंपाकळी हत्तिणीनं सोंडेत घेऊन खळखळून चूळ भरली आणि ते परत तांब्यात टाकलं. ओळखा बघू कोणता!"

राजा वाकला. डोळे बारीक केले, मोठे केले. प्रधानाला दिवा धरायला लावला, पुरोहितांना वास घ्यायला लावला.

"सगळे सारखेच आहेत! कशातही काही दिसत नाही!"

"मग घाण नाहीच म्हणायची. प्या की!"

"शी! हत्तिणीचं उष्टं मी पिऊ? माझ्या तांब्याला राणीसुद्धा तोंड लावत नाही!"

"सहा तांबे उष्टे नाहीत, सरकार. त्यातला प्या."

"अगं, पण ते सहा कोणते?"

"ते मी कसं सांगू? दिसतंय कुठे काही!"

राजानं पुढे केलेला हात धोतराला पुसला. "भुजंगशेट, तुम्ही प्या! खडा तुमचा!"

भुजंगशेटला दरदरून घाम फुटला. "महाराज, आज... आज माझा उपवास!"

"उपवासाला पाणी चालतं!" प्रधान म्हणाला.

"निर्जळी आहे!"

"सकाळी तर चार पेले मठ्ठा रिचवलात!" पंक्तीला वाढणारा आचारी ओरडला.

ठमाबाई पदर खोचून पुढे आली. "सरकार, डोळ्यांना काही दिसत नाही म्हणता, तर हात मागे का घेतलात? शेटजी, पाणी अमृत आहे म्हणता, तर घाम का फुटला? दिसत नाही ती घाण दाखव म्हणालात. मी दाखवली, आणि तुम्ही दोघांनी चांगली डोळे भरून बघितलीत!"

मग राजाच्या पोटातून हसू निघालं. तो इतका हसला, की पागोटं सुटून प्रधानाच्या गळ्यात पडलं.

"हरलो बाई, हरलो! शेटजी, सोनं परत ठेवा आणि आजपासून ठमाबाईच्या चुलीची लाकडं फोडा! ठमाबाई, हे माझं कडं घे. आणखी काय हवं ते माग, पण आधी पाणी दे. हसून हसून घसा सुकलाय!"

"पाणी कुठलं, सरकार? चूल तुम्हीच विझवलीत. आता लाकडं आणाल तेव्हा पेटेल, उकळेल तेव्हा निवेल, आणि निवेल तेव्हा मिळेल!"

राजा आणखीच हसत सुटला. आणि त्या दिवशी धारवाडीच्या लोकांनी पाहिलं: पुढे डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेला भद्रसेन राजा, मागे कुऱ्हाड घेतलेला भुजंगशेट, आणि सगळ्यांच्या मागे, पालखीत बसून, "जरा वाळकी बघून घ्या हो!" असं ओरडणारी ठमाबाई.