सारजाचं उघडं पेव

पाहुणे आले की मलाच बसवतात. गावात शिकलेली माणसं मेलीत काय? तरी सांगतो. मधे बोलायचं नाही.

हे समोर दगडी कडं दिसतं ते पेव. पेव म्हणजे धान्य साठवायचा खड्डा. तोंड अरुंद, पोट मोठं. पावसासाठी वर पत्रा घातलाय, पण तोंडावर झाकण नाही. नांदरगावात या एकाच पेवाला झाकण नाही. त्याचं कारण सारजा.

मोठ्या दुष्काळातली गोष्ट सांगतात. सारजा थोरली जाऊ, भागू धाकटी. भागूचा नवरा बैल घेऊन चाऱ्याच्या शोधात गेला, तो परत आलाच नाही. पदरात दोन पोरी. पेव सारजाच्या वाटणीचं, जोंधळ्यानं निम्मं भरलेलं. तिनं मूठभरसुद्धा दिलं नाही. पण भागूच्या चुलीतून रोज सकाळी धूर निघायचा, आणि तो धूर सारजाच्या डोळ्यांत जायचा. आपला नवराच चोरून देतो, असं तिच्या मनानं घेतलं.

एकदा तिनं विचारलंच, "भागे, कोण घालतं गं तुला?"

"देव देतो, जाऊबाई. रोज ओंजळभर. मी मागते, तो देतो."

"असं? मिशा आहेत का तुझ्या देवाला?"

भागूला काही कळलं नाही म्हणे. ती हसली. त्या हसण्यानं सारजा आणखी पेटली. धान्य किती कमी झालंय ते बघायचं आणि नवऱ्याला चार माणसांत उभा करायचा, असं तिनं ठरवलं.

नवरा खडी फोडायला गेला तशी तिनं पेवाचं झाकण काढलं. पेव उघडलं की दिवसभर वारा खेळू द्यायचा, मग दिवा सोडून बघायचा. दिवा विझला तर आत उतरायचं नाही. शेंबड्या पोराला ठाऊक असतं. सारजाला कुठला धीर? दोर बांधला आणि उतरली.

खाली बघते तर भिंतीत घुशीचं बीळ. दाण्यांची रेघ बिळात गेलेली, थेट भागूच्या चुलीच्या दिशेनं. नवरा चोर नव्हता. घूस चोर होती. सारजाला तेही सोसलं नाही. माझंच नेऊन देव तिला देतो आणि वर हा दयाळू! देवावर जळणारी बाई गावानं तेवढी एकच बघितली.

एवढ्यात कोंदट हवेनं तिचे पाय लुळे पडले. दोर हातातून सुटला. "देवा, धाव रे!" ती ओरडली, पण वर ऐकायला कोणी नव्हतं.

भागू चुलीमागच्या बिळापाशी दाणे वेचत होती. हाक त्या बिळातून आली. ती धावली, लुगड्याचा पदर खाली सोडला. सारजानं तो मनगटाला गुंडाळला. उपाशी बाई आणि दोन पोरींनी तिला वर ओढलं. एवढं बळ कुठून आलं, देवाला ठाऊक.

शुद्धीवर आल्यावर सारजानं बिळाचं सांगितलं. भागूचा चेहरा उतरला. "तुमचं होतं होय? मी देवाचं म्हणून रोज पाया पडत होते."

 सारजानं झाकणाचा दगड उचलून लांब ढकलून दिला आणि पेवाकडे पाठ केली.

"घे लागेल तेवढं. मी बघत नाही. बघितलं की माझं जळतं."

आजही सुगीला घरटी एक पायली जोंधळा या पेवात पडतो. कुणी घ्यायला वळलं की बाकीचे पाठ करून उभे राहतात. कोण, किती, बघायचं नाही. तुम्हीही बघायचं नाही. फोटो तर नाहीच.

गेल्या साली म्हातारी दवाखान्यात होती, घरात दाणा नव्हता. मी टोपी भरून घेतली. सगळ्या गावानं पाठ केली. एकानं मान वळवून बघितलं, वर हसला, आणि अजून माझी माफी मागितलेली नाही. त्याचं नाव निवृत्ती शेवाळे.