हिरवा डोंगर आणि पिवळं गाव

एका बोडक्या डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं, आणि त्या गावाला एक भला पाटील होता. डोंगरावरची झाडं तुटली तसे झरे आटले. पाटलाला ते बघवेना. त्यानं बाप्यांना देवळात गोळा केलं आणि बेलभंडारा उचलायला लावला. "डोंगर हिरवा होईस्तोवर कुणी वर पाऊल टाकायचं नाही. पानसुद्धा तोडायचं नाही."

आणि बरं का, गावानं शपथ पाळली. काही पावसाळे गेले. डोंगरावर झाडोरा आला, झरा वाहू लागला. रोज सकाळी ओट्यावरून ते बघताना पाटलाचा ऊर भरून यायचा.

खाली गावात मात्र काहीतरी बिनसलं होतं. पोरं किरकिरी झाली, बायांची तोंडं पिवळी पडली. पाटलाला उमजेना. पाणी आलं, सावली आली, मग ही अवकळा कुठून आली?

"कुणीतरी चोरून फांदी मोडली असणार. देव कोपला," गुरव म्हणाला.

पाटलाला ते पटलं. त्यानं पुन्हा बेलभंडारा उचलायला लावला, वर डोंगराच्या वाटेवर काटेही टाकले. दुखणी काही हटेनात.

एकदा दिवेलागणीला त्याची नात ठकी त्याच्याशेजारी जेवायला बसली. भाकरी चाचपता चाचपता तिचा हात कढत आमटीत चालला. पाटलानं झटकन मनगट धरलं.

"अगं, दिसत नाही का?"

"आजा, दिवस बुडला की मला तूपण दिसत नाहीस."

पाटलाचा घास हातातच राहिला. त्यानं ताटाकडं नीट बघितलं. भाकरी आणि पातळ आमटी.

"भाजी कुठाय गं?"

पाटलीण म्हणाली, "भाजी काय तुमच्या ओट्यावर उगवते? कुर्डू, भारंगी, शेवग्याचा पाला, सगळं डोंगरावरचंच होतं. सरपणही तिथलंच. आता डाळसुद्धा अर्धीकच्ची उतरवते मी."

"मग बोलली का नाहीस?"

"बेलभंडारा उचलताना बायांना कुणी बोलावलं होतं? आणि देवाची शपथ. मोडायची कशी?"

पाटील गोंधळून गेला. "पण मी तर चांगलंच केलं होतं ना गं?"

"केलंत की. डोंगराचं केलंत."

दुसऱ्या दिवशी देवळात बायाही बसल्या. ठरलं असं, की कुऱ्हाड आणि गुरं वर न्यायची नाहीत. वाळल्या काटक्या मात्र वेचायच्या, आणि कोवळा पाला मूळ न दुखवता खुडायचा.

"शपथ मोडली म्हणून देव रागावला तर?" गुरव पुटपुटला.

"त्याच्याही घरी चूल असेल की!" एक म्हातारी म्हणाली, आणि गुरवालाही हसू आलं.

वाटेवरचे काटे पाटलानं स्वतः काढले. तरी त्याच्या मनातली रुखरुख गेली नाही. ठकीला रोज पाल्याची भाजी मिळू लागली, आणि तो रोज दिवेलागणीला तिच्या डोळ्यांकडं बघत बसायचा.

बऱ्याच दिवसांनी, असंच अंधारून आलेलं असताना, ठकी खुदकन हसली.

"आजा, तुझ्या मिशीला भाजी लागलीय!"

पाटलानं मिशी पुसली नाही. डोळे पुसले.

तात्पर्य एवढंच, लेकरांनो: डोंगर राखायला निघाल, तेव्हा त्याच्या पायथ्याशी कोण जेवतं, काय जेवतं, हे आधी विचारून घ्या.