दाजीबांचं शेवटचं कलिंगड

नदीकाठच्या एका गावात दाजीबा नावाचे एक भलते खात्रीबाज गृहस्थ राहत होते. माठ घ्यायचा तर दहादा वाजवून, गूळ घ्यायचा तर चाखून. बाजारात कलिंगडवाल्याने चौकोनी फोड कापून आतला लाल रंग दाखवल्याशिवाय ते कलिंगडाला हात लावत नसत. माणूस मनाचा मोठा, पण धीर म्हणाल तर औषधालाही नाही.

त्यांच्या सुनेला, मथुरेला, दिवस गेले आणि कलिंगडाचे डोहाळे लागले. दाजीबांना कोण आनंद झाला! डोहाळजेवणाला घरच्या वेलाचं कलिंगड कापायचं, असं त्यांनी साऱ्या गल्लीला सांगून टाकलं. परसात आळी केली, शेणखत घातलं, बिया लावल्या. वेल पसरला आणि त्याला मोजकीच, पण गरगरीत कलिंगडं धरली.

देठाजवळचा दोऱ्यासारखा तंतू वाळला की फळ तयार झालं समजायचं, असं त्यांची बायको गोदूबाई बजावत होती. पण दाजीबांना दम कुठला? एका सकाळी त्यांनी सुरी घेतली आणि सर्वांत मोठ्या कलिंगडाची फोड काढून पाहिली. आत पांढरंफटक. त्यांनी फोड पुन्हा जागेवर बसवली, वर चिखल लिंपला आणि काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने चहाला येऊन बसले. मग दुसरं पाहिलं, मग तिसरं. चिरांतून मुंग्या शिरल्या, फळं सडली आणि परसात असा वास सुटला की बिंग फुटायला वेळ लागला नाही.

डोहाळजेवण आठवड्यावर आलं तेव्हा वेलावर एकच कलिंगड उरलं होतं. तेही कच्चं निघालं तर भरल्या घरात सुनेपुढे मान खाली घालावी लागणार, या धास्तीने दाजीबांना अन्न गोड लागेना. शेवटी ते पुन्हा सुरी घेऊन वेलापाशी बसले. मथुरा मागच्या दारात उभीच होती.

"मामंजी, माझ्या पोटात काय आहे ते मी तरी कुठे उघडून बघतेय?" ती हसत म्हणाली. "वाट बघतेच आहे ना?"

दाजीबा ओशाळले. त्यांनी सुरी गोदूबाईंकडे दिली आणि मी मागितली तरी देऊ नकोस, असं सांगितलं. त्यानंतर ते रोज वेलापाशी जात, फळाकडे बघत आणि हात पाठीमागे बांधून परत येत. तो आठवडा त्यांना फार जड गेला. घरच्यांची मात्र चांगलीच करमणूक झाली.

डोहाळजेवणाच्या सकाळी तंतू वाळलेला होता. हिरव्या साडीतल्या मथुरेपुढे कलिंगड ठेवलं, गल्लीतल्या बायका भोवती जमल्या. गोदूबाईंनी सुरी टेकवताच ते तडकलं. दाजीबांनी डोळे गच्च मिटून घेतले होते.

तेवढ्यात ओठांना काहीतरी गार आणि गोड लागलं. त्यांनी डोळे उघडले. पहिली फोड मथुरेने स्वतः न खाता त्यांच्या तोंडाशी धरली होती, आणि तिचा हात मनगटापर्यंत लाल रसाने माखला होता.

तात्पर्य काय, तर मेहनत केल्यावर फळाला पिकायला वेळही द्यावा. घाईने करून घेतलेली खात्री फळच नासवते.