बाळंतिणीचा लाडू

परदेशातल्या लेकीच्या बाळंतपणासाठी अंबूताईंनी डिंकाचे लाडू बांधले, विमानाचं तिकीटही काढलं. पण पासपोर्ट काही येईना. तो हाती पडला तेव्हा नात रांगायला लागली होती. ताई कसल्या गप्प बसतायत! त्या थेट पासपोर्ट कचेरीतल्या मोठ्या साहेबांपुढे उभ्या राहिल्या आणि बुडालेल्या तिकिटाची भरपाई मागितली.

साहेब खुर्चीत रेलले. "उशिरा का होईना, मिळाला ना पासपोर्ट? मग नुकसान कसलं?"

"तेही खरंच," म्हणत ताईंनी डबा पुढे केला. "घ्या, तोंड गोड करा."

साहेबांनी लाडवाचा घास घेतला आणि तोंड वेडंवाकडं केलं. "अहो, खवट झालाय हा!"

"बाळंतिणीसाठी केला होता, साहेब. उशिरा का होईना, कुणाला तरी मिळाला ना? मग नुकसान कसलं?"

साहेबांनी पाणी मागवलं. पाणी येईपर्यंत भरपाईच्या कागदावर त्यांची सही झालेली होती!